कुकीत लिहिलंय ‘फॉल्स’: पिकोसीटीएफमधलं एक सोपं चॅलेंज

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला, की ताई, सीटीएफ सीटीएफ म्हणतेस, पण एखादं सोडवून तरी दाखव. ऑडिओमध्ये स्क्रीन दाखवता येत नाही, हे खरं आहे. म्हणून आज असं चॅलेंज निवडलंय जे डोळे मिटूनही कळेल. बसमध्ये ऐकत असाल तर नुसतं ऐका, आणि घरी गेल्यावर हे लिहिलेलं रूप उघडून करून बघा.

आधी दोन मिनिटं, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. सीटीएफ म्हणजे कॅप्चर द फ्लॅग. शाळेत आपण रुमाल पळवायचो ना, मध्ये रुमाल ठेवलेला आणि दोन्हीकडून पोरं टपलेली, तसंच काहीसं. इथे रुमालाच्या जागी असतो एक मजकूर, त्याला फ्लॅग म्हणायचं. कोणीतरी मुद्दाम एक कच्ची वेबसाइट किंवा प्रोग्रॅम बनवतं, त्यात फ्लॅग लपवतं आणि म्हणतं, शोधा. सापडला की चौकटीत टाकायचा, गुण मिळतात. अमेरिकेत डेफकॉन नावाची हॅकर मंडळींची मोठी परिषद भरते, तिथे हा खेळ १९९६ पासून चालू आहे. आपल्याकडे केरळात अमृता विद्यापीठाच्या मुलांची बायोज नावाची टीम आहे, ते इनसीटीएफ भरवतात.

नवीन माणसाने मात्र डेफकॉनच्या वाटेला जाऊ नये. त्याने पिकोसीटीएफ उघडावं. कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी हे सुरू केलं. फुकट आहे. स्पर्धा ठरावीक दिवसांतच असते, पण जुनी चॅलेंजेस सरावासाठी वर्षभर उघडी असतात, त्या भागाला पिकोजिम म्हणतात. आणि आपल्या श्रोत्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तिथे वेबशेल आहे, ब्राउझरमध्येच चालणारं लिनक्सचं टर्मिनल. म्हणजे लॅपटॉप नसला तरी फोनवर करता येतं. कीबोर्डवर बोटं दुखतात, पण होतं.

(इथे एक आगाऊ सल्ला. ‘हॅकिंग शिकायचंय तर आधी काली लिनक्स टाक’ असं सांगणारे टेलिग्रामवर ढिगाने आहेत, आणि त्यातले निम्मे पुढच्याच मेसेजमध्ये कोर्स विकतात. काली वाईट नाही. पण पहिली पंधरा-वीस चॅलेंजेस सोडवायला ब्राउझर आणि थोडी उत्सुकता पुरते.)

तर आजच्या चॅलेंजचं नाव आहे लॉगऑन. २०१९ च्या स्पर्धेतलं. वेब विभागात गेलात की सापडेल.

प्रश्न एवढाच आहे: कारखाना आपल्या युजर्सपासून काहीतरी लपवतोय, तर जो या नावाने लॉगिन करून ते शोधता येईल का? जो म्हणजे माणसाचं नाव. खाली एक लिंक. लिंक उघडली की साधं पान, त्यावर युजरनेम आणि पासवर्डच्या दोन चौकटी आणि एक बटण. बस.

आता इथे नवीन माणूस काय करतो? ‘जो’ टाकतो आणि पासवर्ड ओळखायला बसतो. वन टू थ्री फोर, पासवर्ड, जो अ‍ॅट द रेट काहीतरी. साइट उत्तर देते की जोचा पासवर्ड फार भक्कम आहे, तू तिथून आत येणार नाहीस. आणि खरं सांगू का, हे उत्तर म्हणजे पाटी आहे. चॅलेंज बनवणाराच सांगतोय, की बाबा, हा रस्ता बंद, दुसरीकडे बघ. सीटीएफमध्ये प्रत्येक एरर मेसेज नीट वाचायचा. आपल्याला सवय लागलीये एरर आला की क्रॉस दाबायची. इथे क्रॉस दाबला की हिंट गेली.

बरं, मग काय करायचं? दुसरं नाव टाकून बघा. स्वतःचं टाका, मांजराचं टाका. पासवर्ड काहीही. आणि मजा म्हणजे, आत सोडतं! खातं काढलेलं नाही, काही नाही, तरी साइट म्हणते, लॉगिन झालं. फक्त पुढे म्हणते, तुला फ्लॅग नाही.

इथे मी तुम्हाला थांबायला सांगेन. फोन बाजूला ठेवा आणि विचार करा. या साइटने दोन गोष्टी कबूल केल्यात. एक, ती जो सोडून कोणाचाच पासवर्ड तपासत नाही. दोन, आत आल्यावरही ती फ्लॅग दाखवायचा की नाही हे कुठूनतरी ठरवते. पासवर्डवरून नाही ठरवत, कारण पासवर्ड तिने बघितलाच नाही. मग कशावरून ठरवते? ‘हा साधा माणूस आहे, याला फ्लॅग नाही’ हे कुठेतरी लिहिलेलं असणार. कुठे?

हा ‘कुठे’ म्हणजेच आजचा सगळा भाग. बाकी टायपिंग आहे.

वेबचा एक मूळ स्वभाव आहे, तो विसरभोळा आहे. तुम्ही एक पान मागितलं, सर्व्हरने दिलं, संपलं. दुसरं पान मागायला गेलात की सर्व्हरसाठी तुम्ही पुन्हा अनोळखी. मग खरेदीच्या साइटवर पिशवीत टाकलेल्या वस्तू लक्षात कशा राहणार? यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या इंजिनिअरने तोड काढली. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरला द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक वेळी पान मागताना ती सोबत दाखवायची. हीच कुकी. चिठ्ठी कोण लिहितं? सर्व्हर. चिठ्ठी राहते कोणाकडे? तुमच्याकडे. तुमच्या फोनमध्ये, तुमच्या खिशात.

आता बाहेरगावी शिकलेल्यांना मेसचं कार्ड आठवेल. महिन्याचे पैसे भरले की मेसवाल्या काकू एक कार्ड देतात, त्यावर साठ चौकोन. जेवलात की एक चौकोन पेनाने खोडतात. कार्ड तुमच्याकडे. समजा काकूंनी वहीच ठेवली नाही, सगळा हिशोब त्या कार्डावरच, आणि तोही पेन्सिलीने. तर? एक खोडरबर आणला की महिनाभर फुकट जेवण. काकूंचं कार्डावर प्रेम आहे, कार्ड खरंही आहे, त्यांनीच दिलंय, अक्षर त्यांचंच. फक्त ते रात्रभर कोणाच्या ताब्यात होतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

लॉगऑन चॅलेंजमध्ये नेमकं हेच आहे. लॅपटॉपवर असाल तर लॉगिन झाल्यावर एफ बारा दाबा. डेव्हलपर टूल्स उघडतात. क्रोममध्ये अ‍ॅप्लिकेशन नावाचा टॅब, फायरफॉक्समध्ये स्टोरेज. तिथे डाव्या बाजूला कुकीज. त्यावर टॅप केलं की छोटा तक्ता दिसेल. एका ओळीत तुम्ही टाकलेलं युजरनेम, एका ओळीत पासवर्ड (हो, पासवर्ड, जसाच्या तसा! हे वेगळं पाप आहे), आणि एका ओळीत लिहिलंय अ‍ॅडमिन, त्यासमोर फॉल्स.

सापडली का पेन्सिल?

फॉल्सवर डबल क्लिक करायचं, तिथे ट्रू लिहायचं, एंटर, आणि पान रिफ्रेश. ट्रूमधला टी कॅपिटल ठेवा, कारण फॉल्सचा एफ तसा आहे. चिठ्ठी ज्या अक्षरात आली त्याच अक्षरात परत गेली पाहिजे. रिफ्रेश झालं की समोर फ्लॅग. पिको सीटीएफ, मग महिरपी कंस, आत मजकूर. तो मी वाचून दाखवणार नाही. कॉपी-पेस्ट करायला आला असाल तर सॉरी.

फोनवाल्यांसाठी: मोबाइलच्या क्रोममध्ये ही टूल्स मिळत नाहीत. म्हणून वेबशेल उघडा आणि कर्ल वापरा. कर्ल म्हणजे बटणं-चित्रं काही न दाखवता सर्व्हरशी थेट बोलणारा प्रोग्रॅम. लिहायचं असं: कर्ल, स्पेस, डॅश बी, स्पेस, मग अवतरणचिन्हात अ‍ॅडमिन बरोबर ट्रू, स्पेस, मग तुमच्या चॅलेंजचा पत्ता आणि त्याच्या शेवटी स्लॅश फ्लॅग. अर्थातच हे सगळं इंग्रजी अक्षरांत. ‘डॅश बी’ म्हणजे ‘ही कुकी सोबत घेऊन जा’. उत्तरात पानाचं सगळं एचटीएमएल धबाधबा येईल, त्यात महिरपी कंस शोधायचा.

मला स्वतःला कर्लची पद्धत जास्त आवडते. कारण तिथे लॉगिनसुद्धा करावं लागत नाही. विचार करा. आपण युजरनेम दिलं नाही, पासवर्ड दिला नाही, फक्त दारात जाऊन म्हटलं ‘मी अ‍ॅडमिन आहे’, आणि त्याने म्हटलं ‘या’. ब्राउझरमध्ये क्लिक करताना हे तितकं अंगावर येत नाही.

आता इथून दोन शंका हमखास येतात, त्या आधीच घेते. पहिली, ‘पण साइटला कुलूप आहे ना, एचटीटीपीएस?’ आहे. ते कुलूप चिठ्ठी रस्त्याने जाताना तिसऱ्या कोणी वाचू नये, बदलू नये यासाठी. इथे चिठ्ठी बदलणारा तिसरा कोणी नाही, चिठ्ठीचा धारकच आहे. दुसरी शंका जरा अभ्यास केलेल्यांची असते, की कुकीवर एचटीटीपी-ओन्ली लावलं की झालं. नाही झालं. त्याने पानातल्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही, ते चांगलंच आहे, लावावंच. पण एफ बारा दाबून बसलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही, आणि कर्लला तर नाहीच.

मग बरोबर काय? परत मेसमध्ये चला. हुशार काकू काय करतात, कार्डावर फक्त नंबर लिहितात. बेचाळीस. हिशोब वहीत, वही त्यांच्याकडे. तुम्ही कार्ड दाखवलंत की त्या वहीत बेचाळीस नंबर काढून बघतात. कार्डावर खोडायला काही नाहीच. फक्त नंबर बेचाळीस-त्रेचाळीस असा सरळ ठेवायचा नाही, नाहीतर पोरगा त्रेचाळीस लिहून दुसऱ्याच्या नावावर जेवेल. लांबलचक, कोणाला ओळखता येणार नाही असा ठेवायचा. याला सेशन आयडी म्हणतात. दुसरा उपाय, हिशोब कार्डावरच ठेवायचा, पण त्यावर असा शिक्का मारायचा की एक अक्षर बदललं तरी शिक्का जुळणार नाही. याला साइन केलेली कुकी म्हणतात. ही पद्धतही चालते, फक्त शिक्का गल्ल्यावर पडलेला नको. पिकोच्याच २०२१ च्या स्पर्धेत मोस्ट कुकीज नावाचं चॅलेंज आहे, त्यात नेमकं हेच केलंय. फ्लास्कने शिक्का बरोबर मारलाय, पण शिक्क्याची गुप्त किल्ली बिस्किटांच्या नावांच्या यादीतून निवडलेली आणि ती यादी कोडमध्ये समोरच. लॉगऑन झालं की चार-पाच चॅलेंजेस सोडून तिकडे जा.

मी बॅकएंडवर काम करते. रोज कोड रिव्ह्यू असतात. आणि मला दिसतं की ही चूक लोक आळसाने करत नाहीत. फ्रंटएंडला मेन्यू दाखवायचाय, त्यासाठी युजर अ‍ॅडमिन आहे का हे माहीत हवं, म्हणून कुणीतरी ती माहिती ब्राउझरकडे पाठवतं. इथवर बरोबर आहे. मग सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी येतो, त्याला सर्व्हरवर तीच माहिती हवी असते, तो बघतो की अरे, कुकीत येतीये की आयती, आणि ती वाचतो. पहिल्याने दाखवायला ठेवलेली गोष्ट दुसऱ्याने पुरावा म्हणून धरली. दोघांनी आपापल्या जागी साधंच काम केलं. ओवास्प म्हणून संस्था आहे, ती वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल पाचव्या नंबरवर होतं, २०२१ मध्ये ते पहिल्यावर आलं. लॉगऑन हे त्याच घराण्यातलं सगळ्यात धाकटं पोर.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग करायचा ठरवला, तिच्याकडे येते.

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव, कॉलेज काही सांगत नाही, तोही ऐकतोय. त्याच्याकडे लॅपटॉप नाही. लॉगऑन त्याने फोनवर सोडवलं, मी फोनवर बोलत होते आणि तो त्याच फोनवर वेबशेलमध्ये टाइप करत होता. सुटल्यावर इतका ओरडला की मागून मामी म्हणाली, काय झालं रे, निकाल लागला का.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. “ताई, लॅबमध्ये आमच्या पोर्टलवर लॉगिन केलं होतं. एफ बारा दाबून कुकी बघितली. तिथे रोल लिहिलंय आणि समोर स्टुडंट. बदलून बघू का?”

मी लगेच फोन लावला. म्हटलं, काही बदललंस का? म्हणाला, नाही. म्हटलं, बदलू नकोस.

मग तो वाद घालायला लागला, आणि त्याचे मुद्दे वाईट नव्हते, म्हणून सांगते. म्हणाला, “मी कोणाचे मार्क बदलणार नाहीये. कोणाचं काही बघणारही नाही. फक्त पान उघडतंय का एवढं बघतो आणि बंद करतो. आणि ताई, बदलल्याशिवाय कळणार कसं की होल आहे?”

हा शेवटचा प्रश्न फार खरा आहे. सीटीएफ आपल्याला हीच सवय लावतो. शंका आली की करून बघ, सुटलं तर सुटलं. तिथे ते बरोबरच आहे, कारण लॉगऑनचं पान ज्याने बनवलं त्याने ते तोडण्यासाठीच बनवलंय, आणि तसं लिहून आपल्याला बोलावलंय. पोर्टलवाल्यांनी कोणालाही बोलावलेलं नाही. कुकी तीच, क्लिक तेच, टी कॅपिटल तोच. बाकी सगळं वेगळं.

मी त्याला कायदा सांगितला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात ती सिस्टिम आहे त्याच्या परवानगीशिवाय तिच्यात शिरलात तर नुकसानभरपाई मागता येते. आणि तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो म्हणाला, पण माझा हेतू तसा नाहीच ना. बरोबर. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये काय उतरतं? तुझं लॉगिन, लॅबच्या त्या कॉम्प्युटरचा पत्ता, वेळ, आणि उघडलेलं पान. हेतूचा कॉलम लॉगमध्ये नसतो. हेतू तू नंतर समजावत बसणार, कधी एचओडींना, कधी प्राचार्यांना, कधी पोलिसांना. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याच कोणीतरी खरोखर मार्कांत काही गडबड केली असेल, तर लॉगमध्ये नाव कोणाचं आहे? तुझं.

यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे बघून सोडून द्यायचं?”

नाही ना. सोडून का द्यायचं? त्यात सगळ्या वर्गाचे मार्क आहेत, फोन नंबर आहेत, कदाचित आईबापाचं उत्पन्नसुद्धा. पण होल सिद्ध करणं हे त्याचं काम नाही. त्याने पाहिलं ते एवढंच, की स्वतःच्या ब्राउझरमध्ये, स्वतःच्या लॉगिनने, कुकीत रोल हा शब्द साध्या अक्षरांत दिसतो आणि युजरला तो बदलता येण्यासारखा आहे. एवढं सांगायला बदलावं लागत नाही. कदाचित सर्व्हर तो शब्द वाचतही नसेल, नुसता मेन्यूसाठी असेल, खरी तपासणी वहीत होत असेल. ते पोर्टल बनवणारा माणूस पाच मिनिटांत सांगू शकतो, त्याच्याकडे कोड आहे.

आम्ही दोघांनी मिळून ईमेल लिहिला. मराठीतच, साधा. कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर, काय दिसलं. मी काहीही बदललेलं नाही आणि कोणाला सांगितलेलं नाही. रोल कुकीत न ठेवता सर्व्हरवर तपासला जातो का, हे कृपया बघावं. खाली नाव, रोल नंबर. त्याला नाव घालायची भीती वाटत होती. मी म्हटलं, निनावी पाठवलास तर ते आधी पाठवणाऱ्याला शोधत बसतील, होल राहील बाजूला. मेल वर्गशिक्षकांना पाठवला, एचओडींना प्रत.

तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी त्याला बोलावणं आलं. पहिला प्रश्न, “तू पोर्टलमध्ये काय केलंस?” तुम्हाला वाटेल हा कृतघ्नपणा झाला. मला तसं नाही वाटत. त्या सरांना कुकी म्हणजे काय हेच धड माहीत नसेल, आणि समोरचा पोरगा म्हणतोय मला तुमच्या सिस्टिममध्ये काहीतरी दिसलं. घाबरणारच माणूस. पण त्याच्याकडे सांगायला सरळ उत्तर होतं. “सर, काही नाही केलं. हे बघा, एवढंच बघितलं,” असं म्हणून त्याने सरांच्याच कॉम्प्युटरवर, सरांच्याच लॉगिनने एफ बारा दाबून दाखवलं. सरांच्या कुकीत रोलसमोर फॅकल्टी. सर म्हणाले, “अरेच्चा, हे इथे दिसतं?”

ते उत्तर सरळ होतं कारण खरं होतं. एकदा जरी त्याने बदलून बघितलं असतं, तरी त्या खोलीत बसून ‘काही नाही केलं’ म्हणताना त्याचा आवाज वेगळा आला असता. मला त्याच्या कायद्याच्या भीतीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

पुढे सरांनी ते पोर्टल बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. साधारण दोन आठवड्यांनी त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. रोल गायब, त्याच्या जागी लांबलचक अगम्य अक्षरांची ओळ. काकूंनी वही घेतली! कोणी आभार मानले नाहीत, सर्टिफिकेट नाही. तो थोडा चिडला होता. “ताई, निदान थँक्यू तरी.” मी म्हटलं, माझ्याकडून घे. वडापाव देते पुण्याला आलास की. अजून आला नाहीये.

कोणाच्या बाबतीत असं होईल की कळवूनही संस्था ढिम्म हलत नाही, किंवा कळवायला माणूसच सापडत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची सर्ट-इन आहे. आयटी कायद्याच्या कलम ७० ब खाली नेमलेली संस्था, अशा त्रुटींच्या सूचना घेते आणि संबंधितांपर्यंत पोचवते. आणि ज्यांना खऱ्या साइटवरच हात चालवायचेत त्यांच्यासाठी बग बाउंटी प्रोग्रॅम असतात. कंपनी स्वतः लिहून देते की आमच्या या या भागावर प्रयत्न करा, या भागाला हात लावू नका. ते स्कोपचं पान दोनदा वाचा. तीच तुमची परवानगी, आणि ती तेवढ्याच भागापुरती.

आणखी एक, कारण दोन-तीन मेसेज याच विषयावर आहेत. निकालाच्या लिंकमध्ये शेवटी सीट नंबर असतो आणि तो एकाने वाढवला की पुढच्याचा निकाल दिसतो, तर तो बघायला काय हरकत आहे, नुसता आकडा तर बदलला. हीच गोष्ट आहे हो. पत्त्यातला आकडासुद्धा तुमच्या हातातली चिठ्ठीच. तुमच्या हातात आहे म्हणून ती बदलायची परवानगी मिळत नाही. सराव करायचाय तर पिकोत कुकीज नावाचंच चॅलेंज आहे, तिथे कुकीतला आकडा एकेक वाढवत न्यायचा असतो. मनसोक्त वाढवा.

वेबमधलं अजून काय करावं हे विचाराल तर लॉगऑनच्या आधी इन्स्पेक्टर करा, फ्लॅगचे तीन तुकडे एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये कॉमेंट म्हणून टाकलेत. नंतर डोन्ट यूज क्लायंट साइड. त्यात पासवर्ड तपासणारा कोडच ब्राउझरला पाठवलाय, तुकडे उलटसुलट क्रमाने, ते जुळवत बसायचं. म्हणजे परीक्षेला बसलेल्या पोराच्या हातात पेपरसोबत उत्तरपत्रिका, फक्त पानं फाडून मिसळलेली. हे तिन्ही एका रविवारी होतात. अडलात तर लगेच सोडवलेलं उत्तर शोधू नका. चहा घ्या, परत या, प्रश्नाचं वाक्य पुन्हा वाचा. अर्धा तास तरी अडा. मग हिंट उघडा. लॉगऑनचीच हिंट बघा ना, ती म्हणते की जो सोडून कोणाचा पासवर्ड तपासला जात नाहीये असं दिसतंय. हे आपणच दुसऱ्या मिनिटाला शोधलं होतं.

पुढच्या भागात क्रिप्टोग्राफी, पण बिटकॉइनवाली नव्हे, अक्षरं सरकवण्याची. ज्युलियस सीझरपासून. त्याची तयारी म्हणून एक मराठी फ्लॅग देऊन ठेवते. एक शब्द आहे, त्यातलं प्रत्येक अक्षर वर्णमालेत एक घर पुढे सरकवलंय. सीटीएफ सुरू केलं की जी लागते, ती. शब्द असा: छठख. सुटला तर कमेंटमध्ये उत्तर टाकू नका, बाकीच्यांची मजा जाईल. नुसतं ‘मिळाला’ लिहा.